लॅटिन प्रेमकवितेचे शब्द

लॅटिन शिकायला घेतलं की सगळ्यात आधी जे शब्द पाठ करावे लागतात ते लढाईचे असतात. छावणी, शत्रू, वेढा, खंदक, ओलीस, रसद. याचं कारण असं की युरोप-अमेरिकेतल्या शाळांमध्ये लॅटिन गद्याचा श्रीगणेशा बरीच वर्षं ज्युलियस सीझरपासून होत आला आहे. गॉलवरच्या (म्हणजे साधारण आजच्या फ्रान्सवरच्या) स्वाऱ्यांची हकीकत त्याने स्वतःच लिहून ठेवली. वाक्यं स्वच्छ, व्याकरण शिस्तीत, आणि तेच ते शब्द पुन्हा पुन्हा. नवशिक्याला याहून काय हवं?

मला मात्र सीझरशी काही देणंघेणं नव्हतं. मला कॅटलस, प्रॉपर्शियस, टिबलस आणि ओव्हिड ही मंडळी मुळातून वाचायची होती. इ.स.पू. पहिल्या शतकाच्या मध्यापासून ते इ.स.च्या पहिल्या काही वर्षांपर्यंत, म्हणजे धरून चाला साठेक वर्षांत, या लोकांनी रोममध्ये ज्या प्रेमकविता लिहिल्या त्या. मग प्रश्न आला की यासाठी नेमके कोणते शब्द पाठ करायचे?

आमच्या धंद्यातल्या माणसाला जे सुचेल तेच मलाही सुचलं. या कविता नेटवर फुकट मिळतात, त्या उतरवायच्या आणि एक छोटा प्रोग्राम लिहून शब्द मोजायचे. अमेरिकेतल्या डिकिन्सन कॉलेजने लॅटिनमधल्या सगळ्यात जास्त वापरल्या जाणाऱ्या हजार शब्दांची यादी तयार केली आहे. त्यांचं म्हणणं असं की एवढे शब्द आले की कुठल्याही मजकुराचा सुमारे ७० टक्के भाग सुटतो. ऐकायला छानच वाटतं. पण कवितेचा जीव बहुतेक वेळा उरलेल्या ३० टक्क्यांत असतो, हे कुठल्याही भाषेत कविता वाचणाऱ्याला सांगायला नको. असो. यादी आणि कविता शेजारी ठेवल्यावर एक मजेशीर गोष्ट दिसते. सीझरचे शब्द इथेही आहेत! कास्त्रा म्हणजे छावणी, होस्तिस म्हणजे शत्रू, मिलेस म्हणजे शिपाई, आर्मा म्हणजे शस्त्रं, विन्केरे म्हणजे जिंकणे. लढाईचं अख्खं सामान प्रेमकवितेच्या घरात येऊन पडलेलं आहे. आणि नुसतं लढाईचंच नाही, तर कोर्टकचेरीचं, हिशेबाच्या वहीचं आणि गुलामांच्या कोठडीचंसुद्धा.

(एक खुलासा आधीच करतो. कवींची नावं मी आपल्याकडे इंग्रजीतून रुळली तशी लिहितो आहे, पण लॅटिन शब्द रोमन उच्चाराप्रमाणे. तेव्हा 'कॅटलस' आणि 'कास्त्रा' एकत्र दिसले तर दचकू नका.)

शाळेत संस्कृत घेतलेल्या मराठी माणसाला लॅटिन तसं फार परकं वाटत नाही. विभक्त्या आहेत, तीन लिंगं आहेत, क्रियापद वाक्याच्या शेवटी बसतं. शब्दही ओळखीचे निघतात. इग्निस म्हणजे अग्नी, देउस म्हणजे देव, नोक्स म्हणजे रात्र (संस्कृतातलं नक्तम्), युवेनिस म्हणजे युवक. कोन्युन्क्स म्हणजे जोडीदार, शब्दशः 'एका जुवाला जुंपलेला', आणि त्यातला युज् धातू आपलाच. व्हीनस या देवतेचं नाव आणि आपल्या वेदांतला इच्छा किंवा आवड या अर्थाचा वन् धातू हेही एकाच कुळातले. मात्र सावध राहायला लागतं. आमोर म्हणजे प्रेम, आणि आपल्याकडच्या कोणाही उत्साही माणसाला त्यात 'अमर' दिसतो. काहीही संबंध नाही! 'अमर'चा नातेवाईक लॅटिनमध्ये शोधायचा तर तो मोर्स, म्हणजे मरण.

देवनागरीचा आणखी एक फायदा आहे. लॅटिन छंद आपल्या वृत्तांसारखेच लघु-गुरूंवर चालतात. शाळेत 'यमाताराजभानसलगं' घोकलेल्याला हे लगेच कळतं, पण रोमन लिपीत ऱ्हस्व-दीर्घ बहुधा लिहितच नाहीत. मलुम म्हणजे वाईट आणि मालुम म्हणजे सफरचंद, लिबेर म्हणजे पुस्तक आणि लीबेर म्हणजे स्वतंत्र. इंग्रजी विद्यार्थ्याला डोक्यावर आडव्या रेघा काढून हे लक्षात ठेवावं लागतं. आपण नुसती वेलांटी बदलायची. आणि सफरचंद ही प्रियकराने द्यायची भेट असल्यामुळे हा फरक प्रेमकवितेत पुष्कळदा कामाला येतो.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. शब्दांची कार्डं करायची म्हणजे एका बाजूला लॅटिन, दुसऱ्या बाजूला मराठी. जर्मनीच्या सेबास्टियन लाइटनरने १९७२ साली डब्यांची जी पद्धत सांगितली तीच आता संगणकावर चालते. आलेला शब्द पुढच्या डब्यात, अडलेला पहिल्या डब्यात. पण कॅटलसशी गाठ पडली की कार्डाची मराठी बाजू भरताना हात थांबतो.

कॅटलस मूळचा वेरोनाचा. जन्म इ.स.पू. ८४च्या आसपास, आणि तिशीतच गेला. त्याच्या कविता आपल्यापर्यंत पोचल्या हेच एक आश्चर्य. साधारण १३००च्या सुमारास वेरोनात एकच हस्तलिखित उजेडात आलं, त्याच्या नकला झाल्या आणि मग ते मूळ पुन्हा हरवलं. ते सापडलं नसतं तर एक लग्नाची कविता आणि इतरांनी उद्धृत केलेल्या सुट्या ओळी एवढाच कॅटलस शिल्लक राहिला असता. त्याच्या कवितांमधल्या स्त्रीचं नाव लेस्बिया. हे टोपणनाव होतं. दुसऱ्या शतकातला लेखक अप्युलियस सांगतो की तिचं खरं नाव क्लोडिया. लेस्बिया आणि क्लोडिया यांचे लघु-गुरू सारखे आहेत, म्हणजे एकाच्या जागी दुसरं नाव घातलं तरी छंद बिघडत नाही. ही क्लोडिया म्हणजे इ.स.पू. ६० सालचा कॉन्सल मेटेलस केलर याची बायको, असं बहुतेक अभ्यासक मानतात.

तर या लेस्बियाशी असलेल्या नात्यासाठी कॅटलस जे शब्द वापरतो त्यांतला एक आहे फोएदुस. त्याचा अर्थ तह. दोन राज्यांमधला, देवांच्या साक्षीने झालेला करार. दुसरा अमीकितिआ. कोशात अर्थ 'मैत्री'. पण कॅटलसच्या रोममध्ये हा शब्द राजकीय सोयरिकीसाठी सर्रास वापरला जाई. एकमेकांना मतं मिळवून द्यायची, खटल्यात उभं राहायचं, उपकार फेडायचे. पॉम्पी, क्रॅसस आणि सीझर यांनी इ.स.पू. ६०-५९मध्ये जी हातमिळवणी केली तीही याच जातीची. महाराष्ट्रातल्या वाचकाला युती म्हणजे काय आणि ती किती टिकते हे मी सांगायची गरज नाही. बाकीचे शब्द त्याच रांगेतले: फिदेस म्हणजे दिलेल्या शब्दाला जागणं, ओफ्फिकिउम म्हणजे कर्तव्य, इन्यूरिआ म्हणजे अन्याय, तोही कायद्यात बसणारा.

एका विवाहित बाईवरच्या प्रेमासाठी हे शब्द कशाला? कारण दुसरे नव्हतेच. रोमन लग्न हे घराण्यांचं, मालमत्तेचं आणि मुलांचं प्रकरण होतं. त्याबाहेर जे होतं त्याला भूक म्हणत, खेळ म्हणत, वेड म्हणत. बरोबरीच्या दोन माणसांमधल्या टिकाऊ, जबाबदार प्रेमाला तयार शब्द नव्हता. कॅटलसला नेमकं तेच म्हणायचं होतं. म्हणून एका ठिकाणी तो सांगतो की मी तुझ्यावर केलं ते प्रेम बाप आपल्या मुलांवर आणि जावयांवर करतो तसं होतं. जावयांवर! आजच्या वाचकाला हसू येईल, पण हा माणूस अंधारात भिंत चाचपावी तसा शब्द चाचपतो आहे. आणि ज्या काळात 'अमीकितिआ' हा शब्द फोरममध्ये रोज विटाळला जात होता त्याच काळात तो तो शब्द खऱ्या अर्थाने वापरू बघतो. कार्डावर नुसतं 'मैत्री' लिहिलं तर यातलं काहीच हाती लागत नाही.

चुंबनं मोजण्याची त्याची प्रसिद्ध कविता आहे, त्यातही हिशेबनिसाची भाषा आहे. हजार, शंभर, पुन्हा हजार असे आकडे मांडून झाल्यावर जो शब्द येतो तो कोन्तुर्बारे. त्याचा साधा अर्थ घोटाळा करणं, पण व्यवहारात खाती विस्कटून टाकणं, थोडक्यात दिवाळं वाजवणं. म्हणजे आकडा इतका विस्कटायचा की कोणा मत्सरी माणसाला तो समजूच नये. याच कवितेतला 'चुंबन' या अर्थाचा शब्द, बासिउम, लॅटिन साहित्यात पहिल्यांदा कॅटलसकडेच दिसतो. त्याआधीचे शब्द ओस्कुलुम आणि सावीउम. बासिउम बहुधा त्याच्या उत्तरेकडच्या गावच्या बोलीतला असावा असा तर्क आहे. पुढे जुने दोन्ही शब्द मागे पडले आणि इटालियन, स्पॅनिश, फ्रेंच, पोर्तुगीज या सगळ्यांनी हा गावठी शब्दच उचलला.

ओव्हिडकडे आलं की वातावरण बदलतं. जन्म इ.स.पू. ४३, म्हणजे सीझरच्या खुनानंतरचं वर्ष. यादवी युद्धं संपताना हा लहान होता. चांगल्या घरातला मुलगा, वडिलांची इच्छा की याने सरकारी पायऱ्या चढाव्यात. एक-दोन छोटी पदं भूषवून याने ते सोडून दिलं आणि कविता धरली. त्याची एक कविता प्रियकर आणि शिपाई यांची तुलना अशी करत जाते की सीझरचं पुस्तकच समोर ठेवून लिहिली असावी. दोघांनाही तरुण वय लागतं, दोघंही रात्रीचे पहारे करतात, जमिनीवर झोपतात, एक शहराला वेढा घालतो तर दुसरा तिच्या दाराला. म्हणजे शाळेत घोकलेले लढाईचे शब्द फुकट जात नाहीत. पण त्यांच्यातला टोमणा कळायला काळ माहीत हवा. ऑगस्टस सगळ्या जगाला रोमन शौर्य आणि रोमन कुटुंब शिकवत होता, आणि इकडे हे कवी म्हणत होते की आमचीही लष्करी सेवा चालू आहे, फक्त छावणी वेगळी. प्रॉपर्शियस तर उघड म्हणतो की माझ्या रक्तातून तुमच्या विजययात्रांसाठी शिपाई निपजणार नाही.

यानंतरचा शब्द दोमिना. या सगळ्या कवितेतला कदाचित सगळ्यात महत्त्वाचा, आणि माझ्या मते सगळ्यात अवघड. दोमुस म्हणजे घर. वेदात घराला दम म्हणतात, आणि आपला 'दंपती' मुळात 'घराचा धनी'. तर दोमिना म्हणजे घराची धनीण. त्याचा वंश मोठा आहे: इटालियन दोन्ना, पोर्तुगीज दोना (गोव्यातलं दोना पावला आठवा), फ्रेंच दाम, आणि 'माझी दाम' म्हणजे मादाम, म्हणजे आपली ऑफिसातली मॅडम. पण रोमन घरात हा शब्द दिवसभर कोणाच्या तोंडी असायचा? गुलामांच्या. विकत घेतलेल्या माणसाने मालकिणीला हाक मारायचा हा शब्द. स्वतंत्र रोमन नागरिकाने प्रेयसीला दोमिना म्हणायचं म्हणजे स्वतःला तिचा गुलाम म्हणवून घ्यायचं. यातून पुढे सगळं आलं: सेर्वितिउम म्हणजे गुलामी, विन्कुला म्हणजे बेड्या, कातेना म्हणजे साखळी, वेर्बेरा म्हणजे फटके. टिबलस आणि प्रॉपर्शियस हे शब्द इतक्या सहज वापरतात की थोड्या वेळाने ते मऊ वाटायला लागतात.

ओव्हिडच्या एका कवितेत रात्री प्रियकर तिच्या दाराशी उभा आहे. ही रोमन कवितेतली ठराविक जागा; यानुआ म्हणजे दार, लीमेन म्हणजे उंबरठा हे शब्द म्हणूनच आधी पाठ करायचे. (किल्लीसाठी क्लाविस. पोर्तुगीजांमार्फत आपल्याकडे आलेली 'चावी' हीच.) आत यानितोर, म्हणजे दरवान, आहे. आणि हा दरवान साखळीने दाराशी बांधलेला आहे. इथे कातेना ही उपमा नाही. लोखंडाची आहे, माणसाच्या पायात आहे. प्रेमाचा गुलाम बाहेर उभा राहून खऱ्या गुलामाला दार उघडायची गळ घालतो.

आणि मग त्या दोन कविता, एकापाठोपाठ एक. प्रेयसीचं नाव कोरिन्ना. तिची केस विंचरणारी दासी कुपास्सिस. पहिल्या कवितेत ओव्हिड कोरिन्नाला शपथेवर सांगतो की माझं आणि तिचं काही नाही, फटक्यांनी वळ उठलेल्या पाठीला कोण मिठी मारेल? दुसऱ्या कवितेत तो कुपास्सिसशीच बोलतो. आपलं कोरिन्नाला कळलं कसं? मी तर तुला कसं छान सांभाळून घेतलं, आता त्याचं मोल दे. नाही म्हणालीस तर मी सगळं तिला जाऊन सांगेन, कुठे, किती वेळा, सगळं. वाचताना आधी हसू येतं. रचना तशीच केली आहे, ओव्हिड विनोदात उस्ताद आहे. मग लक्षात येतं की कळलं तर फटके कोणाला बसणार आहेत. कुपास्सिस 'हो' म्हणते की 'नाही' हे कविता सांगत नाही. तिचं शरीर कायद्याने तिचं नव्हतंच, ते कोरिन्नाच्या मालमत्तेत जमा होतं.

अन्किल्ला या शब्दाच्या कार्डामागे मराठीत काय लिहायचं? 'मोलकरीण' नाही, तिला पगार असतो. 'सेविका' तर अजिबात नाही. 'दासी'ला कीर्तनात आणि नाटकात ऐकून ऐकून एक सात्त्विक सूर चिकटला आहे. मराठीत खरा शब्द आहे, आपण तो विसरलो आहोत: बटीक, किंवा कुणबीण. पेशवाईतल्या कागदांत कुणबिणींच्या खरेदी-विक्रीच्या नोंदी सापडतात. मी कार्डावर 'बटीक' लिहिलं आहे. तो शब्द समोर असला की मागे वळून दोमिना आणि सेर्वितिउम वाचताना त्यांचं वजन लक्षात राहतं.

आता कायद्याचे शब्द. इ.स.पू. १८ मध्ये ऑगस्टसने व्यभिचाराविरुद्ध कायदा केला. तोवर हे घराघरांतलं प्रकरण होतं, आता तो सार्वजनिक गुन्हा झाला. विवाहित बाई दोषी ठरली तर निम्मा हुंडा आणि मालमत्तेचा तिसरा हिस्सा जप्त, पुरुषाची निम्मी मालमत्ता जप्त, आणि दोघांची रवानगी वेगवेगळ्या बेटांवर. नवऱ्याला कळूनही त्याने बायकोला सोडचिठ्ठी दिली नाही तर तोच गुन्हेगार, त्याच्यावर लेनोकिनिउमचा, म्हणजे भडवेगिरीचा, आरोप. गुलाम बाई किंवा वेश्या असेल तर मात्र गुन्हाच नाही. म्हणजे सगळं यावर अवलंबून की ती बाई कोण.

आणि कविता तिला काय म्हणते? पुएल्ला. म्हणजे पोरगी. हा शब्द लग्न झालेलीलाही चालतो, न झालेलीलाही, गुलामगिरीतून मुक्त झालेलीलाही. तिच्याबरोबरचा पुरुष? विर. संस्कृतातल्या वीराचाच हा भाऊ. अर्थ 'पुरुष', अर्थ 'नवरा', आणि अर्थ 'सध्या जो कोणी तिच्याबरोबर आहे तो'. ओव्हिडची एक कविता मेजवानीची आहे. पुएल्ला तिच्या विरबरोबर येणार, आणि त्याच्या देखत आपण खाणाखुणांनी कसं बोलायचं हे ओव्हिड तिला शिकवतो. हा विर नवरा असेल तर कविता म्हणजे गुन्ह्याची पूर्वतयारी. नसेल तर नुसती गंमत. अभ्यासक यावर अजून वाद घालतात, आणि वाद मिटू नये अशीच ओव्हिडने शब्दांची निवड केली आहे. दुसऱ्या एका कवितेत तर तो एका ढिल्या नवऱ्याला दटावतो की बायकोवर जरा पहारा ठेव, मजा येत नाही, आणि जाता जाता अशा नवऱ्याला लेनो म्हणून घेतो. कोशात बघून 'भडवा' एवढा अर्थ मिळेल आणि ती शिवी वाटेल. पण ऑगस्टसच्या कायद्यात असा नवरा खरोखरच त्या कलमाखाली येत होता. ज्या श्रोत्यांना तो कायदा पाठ होता त्यांच्यात काय हशा पिकला असेल!

कपड्यांचे शब्दही असेच फसवे. तोगा हा रोमन नागरिकाचा मानाचा पोशाख, हे आपल्याला सिनेमांमुळे माहीत असतं. पण बाईच्या अंगावर तोगा म्हणजे ती वेश्या, अशी खूण. हे माहीत नसेल तर सल्पिशिया कळत नाही. प्राचीन लॅटिन प्रेमकवितेत बाईचा म्हणून जो आवाज उरला आहे तो जवळजवळ एवढाच: सहा छोट्या कविता, मिळून चाळीस ओळी. टिबलसच्या संग्रहात त्या टिकल्या आणि बराच काळ त्याच्याच नावावर खपल्या. ऑगस्टसच्या काळातली ही थोरामोठ्यांच्या घरातली मुलगी. एका कवितेत ती प्रियकराला सुनावते की तुला माझ्यापेक्षा तोगा घातलेली, लोकरीची टोपली वाहणारी बाई जास्त प्रिय असेल तर असू दे, मी सर्वियसची मुलगी आहे. दोन वस्तूंनी, तोगा आणि टोपली, एका बाईची जागा ठरवून टाकली. सल्पिशियाला बोलता येतं, पण टोपलीवालीला तिच्याही कवितेत बोलता येत नाही.

मला सगळ्यात आवडलेला शब्द कूरा. अर्थ काळजी. या कवितांत प्रेयसीलाही कूरा म्हणतात. प्राचीन रोमचा विद्वान वारो याने व्युत्पत्ती दिली की कूरा काळीज जाळते म्हणून कूरा. आजच्या भाषाशास्त्रात ती टिकत नाही. पण मराठीत काळीज आणि काळजी इतके शेजारी आहेत की हे कार्ड मला कधीच उलटावं लागलं नाही.

हे सगळे बारकावे कोशात का सापडत नाहीत? काही सापडतात. म्युनिकला १८९४ साली लॅटिनच्या महाकोशाचं काम सुरू झालं, पहिला भाग १९००मध्ये आला आणि ते काम अजून संपलेलं नाही (आमच्या प्रोजेक्टच्या तारखा पुढे गेल्या की मला याची आठवण येऊन धीर येतो). पण प्रेमाच्या आणि शरीराच्या शब्दांपुढे कोशकार आणि शिक्षक बराच काळ लाजत राहिले. फॉर्डाइस या अभ्यासकाने १९६१ साली ऑक्सफर्डसाठी कॅटलसवर भाष्य लिहिलं, त्यातून बत्तीस कविता सरळ वगळल्या. लॅटिनमधल्या लैंगिक शब्दांवर जे. एन. अॅडम्स यांचं पुस्तक यायला १९८२ उजाडावं लागलं. तोवर विद्यार्थ्यांनी काय केलं असेल? जे सगळीकडचे विद्यार्थी करतात तेच, एकमेकांना विचारलं असेल.

आता ओव्हिडचं पुढे काय झालं ते सांगतो. त्याने प्रेम कसं जमवावं याचं एक पद्यात पाठ्यपुस्तकच लिहिलं, 'आर्स अमातोरिआ'. सुरुवातीलाच सूचना दिली की डोक्याला फीत बांधणाऱ्या, पायघोळ झालरीवाल्या बायकांनी, म्हणजे कुलीन विवाहितांनी, लांब राहावं. पुन्हा कपड्यांचे शब्द, आणि पुन्हा कायद्याकडे एक डोळा. ऑगस्टसच्या मुलीला, ज्युलियाला, याच आरोपाखाली इ.स.पू. २ मध्ये बापाने बेटावर पाठवलं. इ.स. ८ मध्ये त्याच नावाच्या नातीलाही. आणि त्याच वर्षी ओव्हिडलाही हुकूम झाला, काळ्या समुद्राच्या काठी टोमिसला जायचा. आजच्या रुमानियातलं कॉन्स्टान्त्सा. कारणं दोन, असं तो स्वतः लिहितो: एक कविता, आणि एक चूक. चूक कोणती ते त्याने शेवटपर्यंत सांगितलं नाही. रोमच्या नगरपालिकेने डिसेंबर २०१७मध्ये ही हद्दपारी ठराव करून रद्द केली. दोन हजार वर्षं उशीर झाला, पण सरकारी काम म्हटल्यावर चालायचंच.

टोमिसहून त्याने जी पत्रं पद्यात लिहिली त्यांत जुने शब्द परत येतात. दार, उंबरठा, बंद, बाहेर उभा, विनवणी. फक्त आता दार रोमचं आहे आणि आत ऑगस्टस आहे. आजूबाजूला गेटी आणि सार्माटी भाषा, लॅटिन बोलणारं कोणी नाही. तो सांगतो की त्या भाषा मी शिकलो आणि गेटी भाषेत एक कविताही केली. ती कविता टिकली नाही. आणि एका पत्रात लिहितो की मला लॅटिन शब्दच आठवेनासे झाले आहेत, कोणाशी बोलायचं म्हणून मी माझ्याशीच बोलतो, आणि वापरातून गेलेले शब्द एकेक करून पुन्हा घोकतो. इ.स. १७च्या सुमारास तो तिथेच वारला.